हाक मारायला एखादं माणूस

२ जून, मानवत

आलो बुवा एकदाचा. बदलीचा आदेश आल्यापासून संगमनेरात सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मला वनवासाला धाडताहेत. इथं तर मजा आहे. बसस्थानकापासून जवळच कापसाची गोदामं, पलीकडे धान्याची अडत, आणि बजरंगच्या हॉटेलातल्या चहात साखर एवढी की ओठ चिकटावेत.

खोली वरच्या मजल्यावर मिळाली. घरमालकीण सुमनबाई खाली एकट्याच राहतात. उंबऱ्यात पाय टाकणार तोच त्या ओरडल्या, "सर, थांबा तिथंच! लांबून आलाव, तसंच आत येऊ नका." भाकरीचा तुकडा आणि तांब्यातलं पाणी माझ्यावरून ओवाळून त्यांनी रस्त्यात टाकलं. वाटेत काही मागं लागलं असेल तर ते बाहेरच राहतं म्हणे. मला हसू आलं, पण बरंही वाटलं. माझ्यावरून कुणी काही ओवाळून टाकलं त्याला बरीच वर्षं झाली.

काम वाहतूक नियंत्रकाचं. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. गंगाखेडमार्गे राणीसावरगावला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे, वगैरे. आवाज माझा खणखणीत आणि उच्चार स्वच्छ. शब्दांवर माझा जीव आहे. कथा लिहितो. आजवर एकही छापून आलेली नाही, ती गोष्ट वेगळी. यंदा दिवाळी अंकात नाव आणायचंच.

२० जून

रोज सकाळी खिडकीशी एक बाई येतात. वालूरच्या शाळेत शिकवतात, इथून जाऊन-येऊन करतात. आज टेबलावरचे कागद बघून म्हणाल्या, "सर, तुमीबी लिहिता का?"

त्या 'बी'नं माझा चहा कडू झाला. गेल्या दोन्ही दिवाळ्यांत बाईंच्या कथा छापून आल्या आहेत. आणि कुठं? पुण्याच्या त्याच अंकात, जो माझी प्रत्येक कथा 'साभार परत' करतो! मी अभिनंदन केलं. तोंड दुखलं हसून.

त्यांनी नावही सांगितलं. चांगलं आहे, छापल्यावर शोभेल असं. पण मी ते इथं लिहिणार नाही. अंकात तिला जागा मिळते ना, मग माझ्या रोजनिशीत कशाला? वालूरवाली म्हणू. फोनमध्ये नंबरही त्याच नावानं टाकला. बजरंगला हे नाव एवढं आवडलं की दुपारपर्यंत स्थानकावर सगळे तेच म्हणायला लागले.

२८ जून

वालूरवालीनं माझी एक जुनी कथा वाचायला नेली होती. आज परत दिली. सुरुवात इतकी आवडली की गाडीत पुन्हा पहिल्यापासून वाचली, म्हणाली. मग तिच्या स्वतःच्या परत आलेल्या कथांचं पुराण सुरू केलं. कथा परत आली की तो दिवस खुशाल रुसून बसायचं. दुसऱ्या दिवशी बघायचं, संपादकानं हातानं एखादी ओळ लिहिली आहे का. लिहिली असेल तर ती आपल्या कामाची, कारण नकोशा माणसासाठी कुणी एवढी तसदी घेत नाही. मग दुरुस्त करायची आणि पुन्हा धाडायची.

पोटभर जेवलेल्या माणसानं उपाशी माणसाला उपवासाचे फायदे सांगावेत, तसं वाटलं. मी मान हलवत राहिलो. तिच्या पिशवीतून अंकाचं टोक बाहेर डोकावत होतं. मुद्दाम ठेवत असणार.

१९ जुलै

अशी कथा माझ्या हातून कधी झाली नव्हती. लिहिताना अंगावर काटा आला.

वालूरच्या शाळेतली एक शिक्षिका. शब्दांचा फार गर्व. भर दुपारी तिच्या दाराशी तोंडावर पदर ओढलेली एक अनोळखी बाई येते आणि पाणी मागते. घोटाघोटाबरोबर ती शिक्षिकेचा एकेक शब्द पिऊन टाकते. आधी भांड्यांची नावं, मग गावांची, मग माणसांची. शेवटचा घोट घेते तेव्हा शिक्षिकेत काहीच उरत नाही.

आधी मी एक वाट ठेवली होती. आपलं कुणी माणूस दाराशी आलं आणि आतून त्याला नावानं हाक मारली, की ती पदरवाली पाणी टाकून निघून जाते. काल ते पान पुन्हा वाचलं आणि फाडलं. हिला कशाला हवं कुणी हाक मारायला? सगळं जग आहेच की हिचं कौतुक करायला.

पुण्याला पोस्टानं धाडली. हे संपादक जुन्या वळणाचे आहेत, त्यांना ईमेल चालत नाही. परतीचा लिफाफा, वर माझा पत्ता आणि तिकीट, सोबत जोडला.

२४ ऑगस्ट

सकाळीच वालूरवाली पेढे घेऊन खिडकीशी हजर. यंदाही घेतली! पहिल्या पानांत येणार म्हणे. मी पेढा तोंडात टाकला आणि ती गेल्यावर थुंकला.

घरी आलो तर माझ्याच अक्षरातला लिफाफा माझीच वाट बघत होता. साभार परत. खाली संपादकांनी हातानं लिहिलं होतं: 'भाषा फार चांगली आहे. शेवट मात्र निर्दय वाटतो. तिला हाक मारायला एखादं माणूस ठेवा. मग मला पुन्हा दाखवा.'

एरवी मी नाचलो असतो. आजवर मला कुणी दोन शब्दही लिहिले नव्हते. पण तिची घेतली आणि माझी परत केली, एवढंच डोळ्यांसमोर नाचत होतं. हिला माणूस ठेवू मी? मेलो तरी ठेवणार नाही.

लिफाफा घेऊन जिन्याकडे निघालो तर सुमनबाई भाकरीचा तुकडा घेऊन आडव्या. "त्येच्यावरून ववाळू द्या सर. माघारी आलेलं हाय, काय संगं घिऊन आलं आपल्याला काय म्हाईत?" मी वसकन अंगावर गेलो. कागदावरून कुणी भाकर ओवाळतं का, म्हणालो. तुकडा म्हातारीच्या हातात तसाच राहिला.

१४ सप्टेंबर

वालूरवालीनं विचारलं, कथेचं काय झालं. मीच मागे घेतली, असं सांगितलं. तिनं मान खाली घातली. कळलं असावं तिला. म्हणाली, दोघं मिळून बसू, शेवट बघू, अजून वेळ आहे.

तिची दया! त्यापेक्षा तिनं कानाखाली दिली असती तर बरं वाटलं असतं.

३ ऑक्टोबर

अंक आला. तिची कथा पहिलीच. चांगली आहे, हेच तर दुखणं आहे. नाव असं ठसठशीत छापलंय की डोळे मिटले तरी दिसतं. मार्करनं ते काळं केलं. बजरंगच्या हॉटेलातला अंकही मागून घेतला, त्यातलंही केलं. कागद फाटेपर्यंत घासलं. फार शांत वाटलं.

सुमनबाई लेकीच्या बाळंतपणाला राणीसावरगावला गेल्या. घर सगळं माझंच आहे.

६ ऑक्टोबर

सुट्टी. ऊन मी म्हणत होतं. दुपारी खाली कडी वाजली. दारात एक बाई, तोंडावर पदर. पाणी मागितलं. तांब्या भरून दिला. उंबऱ्याबाहेर उभी राहून सावकाश प्याली आणि तांब्या ठेवून गेली. एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी भाजी फोडणीला टाकताना ते काळं, लोखंडाचं, ज्यात फोडणी देतात, त्याचं नाव काही केल्या आठवेना. हसू आलं. वय झालं म्हणायचं.

७ ऑक्टोबर

आज पुन्हा आली. मी पाणी दिलं नाही, दार लावून घेतलं. बाहेर घोट घेतल्याचा आवाज. वर येऊन पाहिलं तर भरलेला तांब्या अर्धा रिकामा.

कढई! तो शब्द कढई. आत्ता आठवला. मग आज कुठला गेला?

९ ऑक्टोबर

माइकवर म्हणालो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. —— ला जाणारी गाडी." पुढं काही येईना. गाडीवरची पाटी समोर होती. अक्षरं दिसत होती, पण गाव लागत नव्हतं. लोक खिडकीशी गोळा झाले. कुणीतरी हसलं. वालूरवाली गर्दीतून पुढं आली आणि माइक घेऊन तिनंच पुकारलं. मला म्हणाली, "सर, लय थकलेले दिसायलाव. घरी जावा."

माझा माइकही घेतला तिनं.

आणि तेव्हाच कळलं. भांडी. गावं. हे मीच लिहिलं आहे. तिच्यासाठी लिहिलं, धाडलं, ते कुणी घेतलं नाही. धाडणाऱ्याकडे परत आलं. मीच उंबऱ्याच्या आत आणलं, न ओवाळता.

१० ऑक्टोबर

कथा जाळली. दुपारी आली. प्याली.

१२ ऑक्टोबर

वाट होती. मीच फाडलेली. पुन्हा लिहायला बसलो. 'तेव्हा तिनं दाराशी आलेल्या माणसाला हाक मारली' इथपर्यंत आलं. कुणाला? पुढं नाव हवं. खोटं लिहिलं तर पुसून जातं, शाई राहत नाही. खरं माणूस हवं. माझ्या दाराशी येईल असं.

घरमालकीण येईल का? तिचं नाव —— भाकर ओवाळणारी. ती लांब गेली आहे. कुठल्या गावाला, ते ——

एकच येईल. मला ठाऊक आहे. तिचंच नाव हवं.

आठवत नाही.

१३ ऑक्टोबर

हॉटेलात गेलो. विचारलं. शाळेची, सकाळची, पेढेवाली, तिचं —— काय? तो चहावाला म्हणाला, "कोण, वालूरवाली का? आमी तर तेच म्हणतो सर. तुमीच तर ठिवलं." हसत होता. मी त्याचा शर्ट धरला. लोकांनी सोडवलं.

१५ ऑक्टोबर

कामावर नाही. दार लावून बसतो. पाणी ठेवत नाही घरात. तरी घोट ऐकू येतात. गळ्यातून माझ्याच ——

तिचा हेवा केला. एवढा केला की तिचं —— कुठंच राहू दिलं नाही. कुठंच.

१७ ऑक्टोबर

आली आहे! खिडकीतून दिसते. खाली. मला हाक मारते.

"आदिनाथ सर! हायत का घरात? स्टँडच्या खिडकीत दिसला न्हाईत म्हणून आले. दुसऱ्या अंकाचा पत्ता आणलाय. तुमची ती कथा तिकडं धाडू."

तिच्या मागं पदरवाली. माझा —— हातात. पाण्याचा. तळाशी थोडंच. हिला ती दिसत नाही.

हाक मारायची. तिच्या खऱ्या —— एवढंच आहे.

अंक उघडला. काळं. दुसरा. काळं. फोन. वालूरवाली. ही वही. पहिल्या पानापासून. वालूरवाली, वालूरवाली, वालूरवाली.

ओरडलो तेच. हिनं वर पाहिलं, हात केला. मागची हलली नाही. पदर तेवढा थरथरला. हसते.

विचारू हिला. सांग म्हणू. पण जे विचारायचं त्याला काय ——

तोंडाला लावला तिनं.

होतं. चांगलं होतं. छापल्यावर शोभेल असं. खिडकीशी उभी होती. सकाळ. मी ऐकलं होतं ना. ती हसून म्हणाली होती, सर, मी ——