चितोसेचा जांभळा, नात्सुहोचा हिरवा

२ नोव्हेंबर, शनिवार
ठरलं. उद्यापासून फक्त चितोसे. चार वर्षं तिच्या गाण्याच्या ग्रुपच्या शोला उभा राहतो. ग्रुपमधल्या प्रत्येकीचा एक रंग, तिचा जांभळा. शो संपल्यावर तिच्यासोबत फोटो काढायला टेबलापाशी गेलो की दर वेळी सांगतो, "माझा रंग जांभळा. बाकीचे रंग मला दिसतच नाहीत." ती हसते. तिचे चाहते मोजकेच. अशा मुलीला फसवू नये.

३ नोव्हेंबर, रविवार
दुसऱ्या ग्रुपमधल्या नात्सुहोच्या शोला गेलो. फक्त निरोप घ्यायला. तिचा रंग हिरवा. निरोप राहून गेला. तिच्या डिसेंबरातल्या वाढदिवसाच्या कमिटीत नाव मात्र दिलं. दोन्ही हॉल ओसूच्या एकाच गल्लीत. माणूस करणार काय?

९ नोव्हेंबर
सतराला, रविवारी, चितोसेचा वाढदिवस. तिच्या चाहत्यांतले ज्येष्ठ ओनिशी-सान म्हणाले, दुसऱ्या गाण्याला अख्खा हॉल जांभळा झाला पाहिजे. दारात प्रत्येकाला एक प्रकाशाची कांडी द्यायची. मोडली की उजळते, मग रंग बदलत नाही. काम माझ्याकडे. "कुवाबारा, तुझ्याइतका एकनिष्ठ पोरगा दुसरा नाही."

१२ नोव्हेंबर
दोन्ही खोकी घरी आली: चितोसेच्या जांभळ्या कांड्या, नात्सुहोच्या कमिटीच्या हिरव्या. ओनिशी-सान कधीही टपकतात. हिरवं काही दिसायला नको. म्हणून सगळ्या कांड्या पांढऱ्या कागदात गुंडाळल्या. वर सुवाच्य अक्षरात: "दुसऱ्या गाण्याला मोडा." दोनदा तपासलं, एकही चूक नाही. खोकी इतकी सारखी दिसतात की कुणाच्या बापाला कळणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
दुसरं गाणं. कडाकड कांड्या मोडल्या. हॉल हिरवागार.
चितोसेची एक ओळ चुकली. मग गात राहिली.
ओनिशी-सान कानात ओरडले, "अरे, भाताची रोपं लावलीस की काय!" मी म्हणालो, दुकानदाराने चुकीचा माल दिला.
चितोसेने फोटोच्या वेळी माझीच बाजू घेतली. "यांना बाकीचे रंग दिसत नाहीत ना, मग कसं कळणार बिचाऱ्यांना?" फोटोत माझे डोळे मिटलेले.

१९ नोव्हेंबर
ओनिशी-साननी दुकानदाराला फोनवर झापलं. म्हातारा संध्याकाळी माझ्या कारखान्याच्या फाटकाशी आला. कमरेत वाकून माफी मागितली. "पोरीच्या वाढदिवसाचा विचका झाला हो माझ्यामुळे." उइरोचा, तांदळाच्या मिठाईचा, डबा दिला. नको म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.
उइरो गोड होती. खरं काय ते उद्या सांगतो.

२० नोव्हेंबर
त्याचं दुकान बुधवारी बंद असतं.

२१ नोव्हेंबर
उघडं होतं. समोरून दोन चकरा मारल्या. गिऱ्हाईक होतं. एकच होतं, पण होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार
चितोसेने स्टेजवर जाहीर केलं. तिचा ग्रुप बंद होतोय. जानेवारीपासून ती नात्सुहोच्या ग्रुपमध्ये. सगळे रडले. मीही रडलो, कारण वेगळं.
तिथे फोटोची टेबलं शेजारी शेजारी. प्रत्येकीची रांग वेगळी. दोघींना दिसणार मी कुठल्या रांगेत आहे ते.
ओनिशी-सान डोळे पुसत म्हणाले, "पहिल्या शोला चितोसेच्या रांगेत सगळ्यात पुढे तू. तिला धीर येईल."
त्या दिवशी कामाची पाळी आहे म्हणून सांगितलं. पाळी नव्हती. घरी येताना सुपरवायझरला फोन करून मागून घेतली.