टॉक्सिकस, टॉक्सिका, टॉक्सिकम

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला कधी लिहिलं नाही. आज सांजेला गावासमोर उभं राहायचंय आणि तोंड उघडायची भीती वाटतेय. मला! सभा गाजवणाऱ्या तुमच्या लेकाला!

आठवतं? गुरांच्या दवाखान्यातून घरी आलात की माझी जीभ वळावी म्हणून तुम्ही घोकून घ्यायचात : टॉक्सिकस, टॉक्सिका, टॉक्सिकम. पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी. "लॅटिननं हे विशेषण ग्रीकांकडून उसनं आणलं. मूळ अर्थ धनुष्याचा. मग बाणाला लावलेलं विष. मग नुसतंच विषारी." त्यावर आई चुलीपासून ओरडायची, "पोऱ्याले भाकर खाऊ द्या, ईख नका खवाडू!" तिचं ईख म्हणजे तुमचं विषच.

परवा धोंडूकाकांचे दोन बैल तडफडून मेले. मी पारावर चढलो आणि टाळ्यांच्या भरात विष घालणारा म्हणून सुपडूबाबाचं नाव घेतलं. बांधावरून दोघांचं भांडण होतं, एवढाच पुरावा! "असा विषारी माणूस गावात नको," मीच गरजलो. लॅटिन विशेषण निदान समोरच्या नामाकडे बघून रूप बदलतं. आपलं 'विषारी' कुणालाही तसंच चिकटतं.

सकाळी गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं : पोटात ज्वारीचे फुटवे सापडले. बैल सुटून कापलेल्या ज्वारीत शिरले होते. कोवळ्या फुटव्यांत विष असतं, हे तुमच्या मुलाला ठाऊक नव्हतं?

ठाऊक होतं! जनावर मेलं की तुम्ही आधी त्याचा जबडा उघडायचात. "पहिले ढोरनं तोंड देख, मंग मानूसनं नाव ले." मी जबडा पाहिलाच नाही. आप्पा, इतके शब्द शिकवलेत, गप्प राहायला का नाही शिकवलंत?

दोन दिवस सुपडूबाबाचं दूध कुणी घेत नाही. म्हातारा दार लावून आत बसलाय. मघाशी पोरं हसत सांगून गेली, "सांजले त्यानं झोपडं उखाडी टाकूत, भाऊ! तुम्हीच ते सांगं व्हतं!" मी ज्वारीचं सांगितलं, तर म्हणाली, "भाऊ, आते घाबरी गयात का?"

हो, घाबरलो. सुटलेला बाण कधी भात्यात परत येतो का? आणि माझं कुणी ऐकलंच नाही तर?

वचन देतो, आज पारावर चढणार नाही. सुपडूबाबाच्या दाराला पाठ लावून उभा राहीन. म्हणेन, "बैल ज्वारीनं मारले. या माणसाला मी मारत होतो." आणि शब्द फुटलाच नाही, तरी त्या दारातून हलणार नाही.

तुमचा,
बापू