चेअरमनची चूळ

दाजी,
तुमाला नमस्कार लिहायला हात उचलत न्हाई.

उभा जन्म नाटकासिनेमात मी कारखान्याचा नालायक चेअरमन झालो. पाणी मागायला आलेल्या बायांसमोर चूळ भरून थुंकायचो, लोक शिव्या घालायचे. काल माजलगावात माझ्या सत्काराला तुमी, कारखान्याचे खरे चेअरमन, म्हणलात, “ती चूळ करून दाखव.” भर दुष्काळात माझं मन होईना. मग तुमीच तांब्या उचलला. रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बायांसमोर खळखळून थुंकलात. आन् त्यांनी टाळ्या वाजवल्या! म्हणल्या, “चेअरमनसायेब हुबेहूब उत्तरेश्वरची नक्कल करतेत!”

लई किळस आली, दाजी. बाहत्तरच्या दुष्काळात, तुमच्या विहिरीवर, तुमाला बघूनच शिकलो मी ती चूळ.

हे पत्र टाकणार न्हाई. माझी सत्यभामाताई तुमच्या घरात नांदती.

तुमचा मेहुणा,
उत्तरेश्वर