मक्याच्या लाह्या आणि मेव्हची पावले

कल्व्हर सिटी, कॅलिफोर्निया
ऑक्टोबर १९५३

वडील मेहुणे श्री. फर्गसराव यांच्या सेवेशी, धाकट्या बहिणीचा नवरा अँब्रोस याचा नम्रतापूर्वक नमस्कार.

आपले गुडघे आणि आपल्या कोंबड्या कुशल असाव्यात. इकडे मेव्हच्या डाव्या पायाची जखम सोडल्यास क्षेम आहे. (जखमेचे नंतर. आधी महत्त्वाचे.) चित्रपटगृहात मक्याच्या लाह्या विकण्यास कायद्याने बंदी व्हावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

परवा मी आपला तो नृत्यपट पुन्हा पाहिला. 'आपला' अशासाठी, की पडद्यावर पाय नायकाचे असले तरी पावलांचा आवाज मेव्हचा आहे. चित्रीकरण उरकल्यावर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, पुरुषी बुटांत कागद कोंबून, ती त्याच्या पावलागणिक नाचली होती. नायक बेकरीवाला. दुःख झाले की तो टेबलावर चढतो, आनंद झाला की जिन्यावर. भट्टीतला पाव मात्र शेवटपर्यंत कोणी काढत नाही. कार्यकारणभावाचा लवलेश नाही! लॅटिन शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने हे कसे सोसावे? (मी डोळे मिटून सोसतो.)

तर जिन्यावरचा नाच सुरू झाला, मी डोळे मिटले, आणि शेजारच्या गृहस्थाने लाह्यांच्या पिशवीत हात घातला. "अहो, जरा हळू चावा, ऐकू द्या!" तर म्हणतो, "ऐकायचंय तर घरी रेडिओ लाव की, म्हाताऱ्या!" मी पिशवी ओढली. लाह्या पुढच्या बाईंच्या टोपीवर सांडल्या. त्या मी सौजन्याने वेचू लागलो, हा दुसरा अपराध ठरला. मॅनेजर धावत आला. "साहेब, रोज येता, रोज झोपता, वर भांडताही! येता तरी कशाला?" कोटावरच्या लाह्या झटकून बाहेर पडलो.

हा वृत्तान्त ऐकून मेव्ह अंथरुणातच हसत सुटली. "वेडा रे वेडा! जिन्याच्या शेवटी एक पाऊल चुकलंय माझं. आलं का ध्यानात?"

"लाह्यांत गेलं," मी म्हणालो.

वहिनींना नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद.

आपला,
अँब्रोस

ता. क. चित्रपट या रविवारी उतरणार. लाह्यांचा प्रश्न आपोआप मिटला.

पुन्हा ता. क. जखमेचे. मधुमेहामुळे पाय काळा पडत चालला आहे. या आठवड्यात कापला नाही तर विष अंगभर पसरेल, असे डॉक्टर म्हणतात. मेव्ह म्हणते, "जाईन तर पायासकट जाईन." दादाला कळवायचे नाही, अशी शपथही घातली आहे, ती इथे मोडतो. ती फक्त तुमचे ऐकते. मिळेल त्या गाडीने या. तिच्या पावलांचा आवाज घरात नसला तरी मी राहीन. ती नसली तर काय करायचे, ते मला ठाऊक नाही.