एक सामना, सहा गोल

टॅरिन क्रीक
रविवार, १४ जुलै २०२४

प्रिय कॉलिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच चुलीत घातलं नसशील, असं धरून लिहितोय. पत्ता केरीकडून घेतला. तुझ्या लेकीवर रागावू नकोस, मीच तिच्या मागे लागलो होतो.

माझं बरं चाललंय. डावा गुडघा बदलून झाला, उजवा रांगेत आहे. बेरिलला जाऊन मार्चमध्ये चार वर्षं झाली. पाऊस यंदा वेळेवर आला, गहू वीतभर वर आहे. बाबांची जमीन आता धाकट्या मॅडर्नने कसायला घेतली आहे. बांधावरचं तुझं निलगिरीचं झाड त्याने तोडलेलं नाही, मी सांगून ठेवलंय.

एक बातमी मात्र तुला सांगायलाच हवी. आपल्या फुटबॉल क्लबचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या मोसमापासून आपण आणि बुलिना एकत्र. दोघांकडे मिळून एका संघाला लागतात ती अठरा धड माणसं होतात की नाही, अशी गत आहे. बाबा बुलिनाच्या बेकरीतला पाव घरात येऊ द्यायचे नाहीत, आठवतं ना? आता आपल्या पोरांना त्यांच्या पट्ट्याची जर्सी घालायची आहे. म्हातारा असता तर मैदानाच्या फाटकालाच कुलूप ठोकून किल्ली गिळून बसला असता.

तर कमिटीने ठरवलं की जाता जाता क्लबघराच्या भिंतीवर एक फलक लावायचा. १९०९ पासून ज्याने ज्याने मोठ्या संघातून निदान एक सामना खेळला, त्या प्रत्येकाचं नाव, अनुक्रमांक, सामने आणि गोल. एकतीस वर्षं सेक्रेटरी म्हणून मिरवलो, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं. दोन वर्षं त्यात गेली. आठशे सदुसष्ट नावं झाली. कून आडनावाचे पाच भाऊ एकाच संघात खेळले, आणि सगळ्यांच्या जर्स्या त्यांच्या आईने एकाच टबात धुतल्या. १९१४ च्या संघातले सात जण युद्धावरून परत आले नाहीत. एक पठ्ठ्या लग्नाच्या दिवशी अर्धा सामना खेळला आणि मग चर्चमध्ये गेला.

सगळ्यात वेळ खाल्ला तो एका नावाने. १९२२ आणि २३ च्या वहीत मिशनवरचा, म्हणजे चर्चने चालवलेल्या आदिवासी वस्तीवरचा, एक खेळाडू नुसता ‘टॉम’ म्हणून लिहिलाय. बाकी सगळ्यांना आडनाव, त्याला नाही. तेवीस सामने खेळला गडी. चार महिने चर्चची कागदपत्रं चाळली, त्याच्या घरच्यांना शोधून काढलं, तेव्हा कळलं, थॉमस पिअर्स. त्याची पणती येऊन नाव बघून गेली. त्या दिवशी मी कमिटीत ठणकावून सांगितलं की ज्याने इथे घाम गाळला त्याचं नाव इथे पाहिजे, आणि त्याचं स्वतःचं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता कामाचं. सोबत एक कागद जोडलाय. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि सही करून पाठव. सामन्यांची जागा मोकळी ठेवलीस तरी चालेल, तिथलं मी बघून घेईन. फलक ३१ ऑगस्टला, मैदानावरच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी उघडायचा आहे.

तब्येतीला जप.

नेव्हिल


टॅरिन क्रीक
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय कॉलिन,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी होत्या. ‘मी तुमच्या क्लबकडून कधी खेळलो नाही. तुझ्याच वहीत बघ.’

बघितलं. वहीत तू नाहीस. २४ ऑगस्ट १९६८, बुलिनाविरुद्ध, साखळीतला शेवटचा सामना. तिथे लिहिलंय, आर. मॅडर्न, सहा गोल. अक्षर माझं आहे.

मागचं पत्र मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा मुद्द्याला बगल दिली. तू ते ओळखलंस. आता सरळ लिहितो.

त्या जुलैत बाबांचं दुखणं वाढलं म्हणून तू धान्याच्या सायलोवरची नोकरी सोडून घरी आलास. तिकडच्या क्लबकडून आपल्याकडे यायचं तर बदलीचा फॉर्म लीगकडे जायला हवा होता. तू तो भरून, त्यांच्या सेक्रेटरीची सही घेऊन माझ्या हातात दिलास. माझ्या साखरपुड्याच्या चहापानाला दिलास, बेरिलच्या घरी, मी नवा कोट घातला होता तेव्हा. मी म्हणालो, सोमवारी टाकतो. आणि टाकला असं मला खरंच वाटत होतं. सामन्याच्या सकाळी लीगच्या यादीत तुझं नाव नव्हतं, तेव्हा मी त्यांनाच शिव्या घातल्या. तू म्हणालास, मग मी नाही खेळत. मीच म्हणालो की रॉन मॅडर्न गालगुंडाने पडलाय, आजचा दिवस त्याच्या नावावर खेळ, सोमवारी कागद येईलच. असं तेव्हा सगळेच क्लब करायचे. तुला पटलं नव्हतं. पण बाबा कुंपणाला लावलेल्या गाडीत ब्लँकेट गुंडाळून बसले होते, आणि त्यांनी तुला आपल्या जर्सीत कधी बघितलं नव्हतं.

तू गोल मारलास की ते हॉर्न वाजवायचे. सहाव्या गोलाला हात काढेनातच. आपण चार गुणांनी जिंकलो आणि बाद फेरीत गेलो.

पुढचं हसण्यासारखं आहे, पण हसू कुणाला आलं नाही. बुलिनाचा तुझ्यावर लावलेला बचावपटू रॉनचा सख्खा मेहुणा निघाला. तो म्हणाला, रॉन तर माझ्या घरी खाटेवर पडून माझ्या बायकोच्या हातचं सूप पितोय, मग मला तीन तास पळवलं ते कोणी?

बुधवारी लीगची चौकशी. आपण दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. चारचौघांत जायचं म्हणून मी तोच नवा कोट घातला होता. रुमालासाठी आतल्या खिशात हात घातला आणि फॉर्म हाताला लागला. कॉलिन, तो तिथेच होता. साखरपुड्यापासून तो कोट मी घातलाच नव्हता. तुझ्या शेजारी बसून मी तो खिशातल्या खिशात चाचपला आणि हात बाहेर काढला, रिकामा.

आत त्यांनी नियम वाचून दाखवला. क्लबला माहीत असेल तर गुण जाणार आणि बाद फेरीही जाणार. खेळाडूने क्लबला फसवलं असेल तर शिक्षा फक्त त्याला. मग मला विचारलं. मी म्हणालो, "फॉर्म माझ्याकडे कधी आलाच नाही. रॉनच्या नावावर तो परस्पर खेळला."

तू माझ्याकडे एकदा बघितलंस. तू मला तिथल्या तिथे खोटं पाडू शकला असतास.  दोन वर्षांची बंदी घेतलीस आणि बाहेर येऊन माझ्या गाडीत न बसता अकरा मैल चालत घरी गेलास. क्लबसाठी गप्प बसलास, बाबांसाठी की माझ्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती.

आपण त्या वर्षी अजिंक्यपद जिंकलो. एकशे पंधरा वर्षांत एकदाच. तो झेंडा अजून क्लबघरात आहे, त्याखाली संघाचा फोटो. फोटोत मी कडेला उभा आहे, तोच कोट घालून.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. ती मी बेरिललाही सांगितली नाही. बाबा जायच्या आधी चार दिवस मला म्हणाले, "नेव्ह, पोराचा कागद तू टाकला होतास ना?" मी म्हणालो, त्याने दिलाच नव्हता. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. म्हणजे ते गेले ते तुला लबाड समजून गेले. हे माझ्यामुळे झालं. ते मी आता कसंही पुसू शकत नाही, आणि तू माफ करावंस असं म्हणायचं तोंडही मला नाही.

या गुरुवारी, सरावानंतरच्या जेवणाला, मी उभा राहिलो आणि हे सगळं कमिटीपुढे आणि खेळाडूंपुढे सांगितलं. बाबांचं सोडून. ते तुझं आणि माझं आहे.  आत्ताची सेक्रेटरी टालिया, तेवीस वर्षांची पोर, मला म्हणाली, "नेव्ह, तुम्ही थॉमस पिअर्ससाठी चार महिने घालवलेत. मग भावासाठी छप्पन वर्षं कशी काय लागली?"  तहहयात सदस्यत्वाचा बिल्ला मी टेबलावर ठेवला. तो तिने परत दिला नाही, आणि ते योग्यच झालं.

झेंड्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. तो भिंतीवर राहणार, पण खाली खरं काय घडलं ते लिहायचं, असं ठरलं.

रॉन मॅडर्न तिथेच कोपऱ्यात होता. एक्याऐंशीचा झालाय, कान गेलेत, म्हणून त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "त्या सहा गोलांवर मी छप्पन वर्षं फुकट बिअर प्यायलोय. जन्मात माझे एकूण गोल तीन. कॉलिनला म्हणावं, येऊन आपले घेऊन जा, मला ओझं झालंय." सगळे हसले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

फलक रंगवून झालाय. एकोणीसशे अडुसष्टमध्ये तुझी जागा केली, त्यामुळे त्यापुढच्या प्रत्येकाचा आकडा एकाने सरकला आणि रंगाऱ्याने मला मनसोक्त शिव्या घातल्या. आता एकूण आठशे अडुसष्ट. तिथे असं आहे: ४९३, कॉलिन ए. नोस्के, सामने १, गोल ६. तू कागद पाठवला नाहीस तरी ते राहील. ते तुझं आहे, त्याला माझी किंवा तुझी परवानगी लागत नाही.

३१ तारखेला ये, असं मी म्हणत नाही. केरीला म्हणालो की गाडी घेऊन विमानतळावर थांबायला मी तयार आहे, एवढंच. आलास आणि माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. रॉनशी बोल, पण मोठ्याने.

सोबत जो पिवळा पडलेला कागद आहे तो तुझा फॉर्म. गुणवहीच्या पुठ्ठ्यात चिकटवून ठेवला होता, जाळायचं धाडस झालं नाही. तुझी सही आहे, त्यांच्या सेक्रेटरीची आहे. माझी जागा रिकामी होती, तिथे आज केली, आजच्या तारखेची.

पोस्ट उद्या नऊला उघडतं. हे पाकीट मी कोटाच्या खिशात ठेवणार नाही. हातात धरूनच नेणार आहे.

तुझा भाऊ,
नेव्हिल