काच काढून द्या

नाना,

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. दुकान अजून चालू आहे, म्हणजे सकाळी शटर वर जातं आणि संध्याकाळी खाली येतं. परतुरात आता फोटोला चौकट करून घेणारे कितीसे राहिलेत? सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये. माझ्याकडे येतात ती दुसरं कुणी हातात धरत नाही अशी कामं. मागं एकानं बैलाची वेसण आणली. बैल विकला, पण वेसण काचेत बसवून द्या म्हणाला. मेंढ्या राखणारे एक आजोबा बापाच्या घोंगडीचा हातभर तुकडा घेऊन आले, त्याला अजून मेंढरांचा वास होता आणि तो वास जाऊ न देता चौकट करायची होती. तुम्ही असता तर खूश झाला असता. वाटूरच्या त्या बाईनं लग्नाचा फोटो आणून तुमच्या कानाशी सांगितलं होतं, "मामा, ह्यातला दीर कडंच्या कागदाखाली दाबून टाका." दीर कागदाखाली गेला, चुकून कोपर दिसू नये म्हणून कागद अर्धा बोट जास्तच ठेवलात. ती गेल्यावर मी हसायला लागलो तर म्हणालात, "गिऱ्हाईक काय म्हणून राह्यलं ते ऐकायचं. कामून म्हणून राह्यलं, ते त्याच्या घरचं."

एका बाबतीत मात्र तुम्ही गिऱ्हाइकाच्या बापाचं ऐकलं नसतं. काच आणि फोटो यांच्यामध्ये चारी बाजूंनी पुठ्ठ्याची बारीक कड घालायची, म्हणजे फोटो काचेला टेकत नाही. ही कड चौकटीच्या लाकडाखाली लपते, कुणाला दिसत नाही. लोक म्हणायचे, फोटो काचेला लागून बसवला की जास्त झळकतो. तुम्ही म्हणायचात, "झळकंल आज. चार पावसाळे दमट हवा लागली की असा चिटकंल, मंग देवाला बी निघायचा न्हाई." मी एकदा कड विसरलो होतो. तुम्ही पक्कड घेतली आणि चार माणसांसमोर माझ्या चौकटीचा एकेक खिळा उपसून काढला. "लई जल्दी झाली का रे तुला?" एवढंच म्हणालात. मी तेवीस वर्षांचा होतो आणि त्या चार माणसांत माझा होणारा सासरा होता. मला तुमचा भयंकर राग आला होता, आणि आजही थोडा येतो.

पुढं तुमचे हात थरथरायला लागले आणि काम माझ्याकडे आलं. तुम्ही दारापाशी खुर्ची टाकून बसता, रस्त्यावरच्या माणसांशी बोलता, आणि आतून हातोडीचा आवाज आला की मागं न बघता विचारता, "कड घातली का?" मी म्हणतो, "घातली." नाना, नव्हती घातली. आधी दिवाळीच्या गर्दीत एक-दोनदा राहिली, मग सवयच लागली. कड कापायला वेळ जातो, मागून कागद लावला की कोण उघडून बघतंय? अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांच्या चौकटी या अख्ख्या पट्ट्यात, घराघरात टांगलेल्या आहेत. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मी पुन्हा कड घालायला लागलो, विचारणारं कुणी नसताना. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

या श्रावणात एक म्हातारी बाई सुनेच्या हाताला धरून दुकानाच्या पायऱ्या चढल्या. कापडात गुंडाळलेली चौकट त्यांनी छातीशी धरली होती. म्हणाल्या, "काच काढून द्या बाबा." मला वाटलं काच फुटली असेल. काच चांगली होती. आत त्यांच्या मालकाचा फोटो, पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस. "डोळे गेले माझे. जालन्याच्या डागदरनं सांगितलं, आता परत दिसायचं न्हाई. आतापस्तोर बघून राह्यले, आता मला त्यायच्या तोंडावरून हात फिरवायचाय. काचंवरून फिरवला तर समदं सारखंच लागतं." मी म्हणालो, आजी, याच्यावरून नवा काढून देतो, त्याला काच लावत नाही. त्या म्हणाल्या, "नवा कशाला? ह्याला त्यायचा हात लागल्ता. कापसाच्या जिनिंगवर कामाला लागले तवा सोता काढून आणल्ता. दुसरा एकबी न्हाई."

मी चौकट उलटी केली आणि खिळ्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. तुम्ही खिळे दोन बोटांवर मारायचात, मी तीन बोटांवर. खिळे माझे होते, आणि ते उपसल्यावर आत कड नव्हती. तेव्हाच सांगता आलं असतं की हे होणार नाही. पण का होणार नाही हे सांगावं लागलं असतं, आणि त्या तुमच्या नावानं आल्या होत्या. मी त्यांना बाकावर बसवलं आणि पातळ पातं घेतलं. खांदा सुटला. कॉलर सुटली. मला वाटलं, वाचलो. हनुवटीपाशी पातं अडलं, मी थांबलो, फुंकर मारली, पुन्हा कडेनं धरलं. नाना, मी त्या दिवशी अजिबात घाई केली नाही, एवढं तरी माना. तरी चेहरा निघाला नाही. कागद वर आला आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत नुसता पांढरा खरबरीत डाग. चेहरा सगळा काचेवर.

"निघाला का बराबर?" त्या विचारत होत्या. सून माझ्या हाताकडे बघत होती. मी म्हणालो, "निघाला." कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आधी सदऱ्यावर बोटं ठेवली, मग वर नेली. पांढऱ्या डागावर बोटं आली तेव्हा त्या जरा थांबल्या. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं. "दाढी लागती," सुनेला म्हणाल्या. "दोन दिसाची दाढी अशीच लागायची."

दोघी निघाल्या, मग सून एकटीच पायऱ्यांवरून परत आली. हळूच म्हणाली, "काच तुमच्यापाशीच ठेवा. घरी नेली तर लेकरं सांगतेल, आजोबा काचंवर हायेत म्हणून." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू आम्ही दोघांनी मिळून ते केलं. काच वरच्या फळीवर आहे, चेहरा भिंतीकडे करून ठेवलाय. पुसता येत नाही, टाकता येत नाही, दुसऱ्या फोटोला लावता येत नाही.

त्या आजींनी गावभर माझं कौतुक केलं, हे मला नंतर कळलं. परवा त्यांच्याच गावचा एक माणूस आईचा फोटो घेऊन आला. आईच्या कपाळावर त्याला दर सकाळी हात टेकवायचा आहे, काच मध्ये येते. मी चौकट उलटीसुद्धा केली नाही. खिळे किती बोटांवर आहेत ते मला बघायचंच नव्हतं. त्याला म्हणालो, आमच्या वडिलांची सक्त ताकीद होती, एकदा बसवलेली काच पुन्हा काढायची नाही. तुमचं नाव अजून चालतं, नाना. त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. "नाना म्हणल्ते का? मंग बराबरच हाय," म्हणाला, आणि आईला पुन्हा पिशवीत घालून गेला. कदाचित ती चौकट तुमच्याच हातची असेल, आत कड असेल, आणि काच सहज निघाली असती.

काच काढायची नाही, असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. हे सांगायला लिहायला बसलो. तुमचा पत्ता असता तरी मी हे पाठवलं नसतं, कारण उद्या कुणी काच काढायला आलं तर मी पुन्हा तुमचंच नाव सांगणार आहे.