४१२ टेस्ट केस, सहा दिवस

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९.४०
लिहिण्याचे कारण: टेस्टिंगला किती दिवस लागतील हा माझा अंदाज दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला तर काम चैतालीकडे जाईल, असे सुहासने लोणावळ्याच्या ऑफिसात सर्वांसमोर सांगितले. सुहास मालक, माझ्या मुलाच्या वयाचा. चैताली माझ्या हाताखालची. मी १९८८ची बी.एस्सी. आता अंदाज लेखी.

ॲप बंगल्यांच्या बुकिंगचे. एकतीस डिसेंबरच्या गर्दीआधी चालू व्हायचे. केअरटेकरने ‘चावी दिली’ हे बटण दाबले की पाहुण्याचा मुक्काम सुरू. टेस्ट केस, म्हणजे ॲपच्या एकेक तपासण्या, ४१२. प्रत्येकी सहा मिनिटे, घड्याळ लावून मोजली. एकूण सहा दिवस. फेरतपासणी: शून्य. तिला वेळ धरला की डेव्हलपर निष्काळजी होतात.

२ डिसेंबर
सुरुवात. चैताली म्हणाली, मॅडम, एकदा मळवलीच्या बंगल्यांवर जाऊन केअरटेकर लोकांना विचारू या का? प्लॅनमध्ये नाही, असे सांगितले.

५ डिसेंबर
१३० झाल्या. चुका ३८. डेव्हलपर प्रितमने दुरुस्त करून परत पाठवल्या. त्या पुन्हा बघाव्या लागतील. याला फेरतपासणी म्हणणार नाही. खात्री म्हणेन. खात्रीला वेळ लागत नाही.

८ डिसेंबर
आज संपायचे होते. २०६ झाल्या. म्हणजे अंदाज निम्मा बरोबर.

११ डिसेंबर
सुहासने चैतालीला आणि मला मळवलीला धाडले. बंगल्यावर केअरटेकर सावित्राबाई. फोन हातात दिला, बटण दाखवले. त्या म्हणाल्या, ताई, पाव्हण्याला चावी कशापाई देयाची? दिली की पुण्याला जाती. लय गेल्या तशा. आमीच उघडतो, आमीच लावतो.
म्हटले, तरी बटण दाबायचे.
म्हणाल्या, दिलीच न्हाई तर दिली म्हून कशी दाबू?
शेजारच्या बंगल्यावरच्या कैलासने मान डोलावली. व्हय, म्हणाला. चैताली चहा पीत होती. हसली नाही, याची नोंद घेतली.
या बटणाच्या टेस्ट केस १४७. सगळ्या पास झाल्या होत्या.

१२ डिसेंबर
बटण काढणार. प्रितम म्हणतो, मॅडम, सगळं परत बघावं लागेल. नवा अंदाज: दोन दिवस. या वेळी भावनेच्या भरात नाही.

१५ डिसेंबर, सोमवार
दोन दिवस झाले. ६१ झाल्या. सुहासने बोलावले. म्हणाला, शुभदाताई, आता चैताली बघेल. आवाज चढवला नाही. चैतालीचा अंदाज अकरा दिवस, त्यात चार फेरतपासणीचे. लगेच मान्य. मला चार दिवस कोणी दिले नाहीत. मी मागितले नव्हते, ते वेगळे.
डबा खाल्ला. भेंडी होती.

१६ डिसेंबर
काम सोपवणे. अंदाज: पंधरा मिनिटे. लागले: पावणेतीन तास.
चैतालीला दिले: लॅपटॉप एक. टेस्टिंगचे फोन तीन. चार्जर दोन. ४१२ टेस्ट केसची फाइल, पैकी १४७ रद्द. तिची सही घेतली.
ऑफिसच्या कपाटाची चावी: यादीत ‘दिली’ आहे. माझ्या पर्समधून कामशेतला घरी आली.